वीजमंत्र्यांची डोकी

आमच्या घरात वीजमंत्री त्यांच्या डोक्यांवरून लक्षात ठेवले जायचे. नावं पेपरात यायची, बदलायची, आणि आप्पांना ती नीट आठवतही नसत. पण कुणाचं डोकं मागून चपटं होतं, कुणाच्या टकलावरून पहिला पीळ घसरला होता, कुणी केसांना इतकं तेल चोपडलं होतं की फेट्यावरचा डाग शेवटपर्यंत निघाला नाही, हे ते काल घडल्यासारखं सांगायचे. आप्पा म्हणजे माझे वडील. बेळगावला लागून असलेल्या कंग्राळीत आमची थोडी शेती आहे, पण पंचक्रोशीत आमचं घर ओळखलं जातं ते फेटा बांधणाऱ्यांचं घर म्हणून. लग्न असो, जत्रा असो, कुणाचा सत्कार असो, बोलावणं आमच्याकडे येतं. आधी आजोबा बांधायचे, मग आप्पा, आता मी बांधते. बाई फेटा बांधायला आलेली बघून काही नवरदेव अजूनही आपल्या आईकडे बघतात. परवानगी मागायची की तक्रार करायची, ते त्यांचं त्यांनाच कळत नसतं.

बाकीच्या मंत्र्यांशी आमचं काही देणंघेणं नव्हतं. रस्त्याचा मंत्री आला काय नि शाळेचा आला काय, आप्पा फेटा बांधायचे आणि नारळ घेऊन घरी यायचे. वीजमंत्री यायच्या दिवशी मात्र ते सकाळपासून गप्प असायचे, आणि आई देवापुढे जास्तीची उदबत्ती लावायची. कारण आमच्या घरावरून लाइन गेली आहे. घराघरात दिवे लावणारी साधी वायर नव्हे, शेतांकडे जाणारी मोठी लाइन. परसात तिचा खांब आहे, आणि खांबावरून निघालेल्या तीन तारा आमची गच्ची ओलांडून पलीकडच्या उसाच्या रानात जातात. दर उन्हाळ्यात त्या आणखी थोड्या खाली येतात. मी लहान होते तेव्हा त्या उंच होत्या, त्यांच्यावर पोपट बसायचे. आता गच्चीवर काठी घेऊन जायची कुणाला परवानगी नाही.

आणि फेटेवाल्याचं गच्चीशिवाय चालत नाही. फेट्याचं कापड लांबच लांब असतं. ते धुऊन, खळ घालून, चुणी पडू न देता पुऱ्या लांबीत वाळवावं लागतं, आणि तेवढी लांबी आमच्याकडे फक्त गच्चीला आहे. दोघांनी दोन टोकं धरायची, कापड ताणायचं, झटकायचं नाही, कमरेच्या वर न्यायचं नाही. हा आमच्या घरातला पहिला धडा, पाटीवरचा श्रीगणेशा त्यानंतरचा. आई आजही टोक माझ्या हातात देताना म्हणते, "खाली धर गं."

लोक विचारतात, मग गच्चीवर जाताच कशाला? गल्लीत वाळवा. गल्लीत धूळ आहे, ट्रॅक्टर आहेत, म्हशी आहेत. आणि समजा काही नसतं, तरी मी का वाळवू गल्लीत? घर आमचं आहे. तार पाहुणी आहे.

ती पाहुणी आली कशी, हे सांगायला हवं. गावात वीज यायची होती तेव्हाची गोष्ट. मोजणीची माणसं आली आणि म्हणाली, सरळ रेषेत न्यायची तर खांब तुमच्या परसात येतो. आजोबा म्हणाले, "गावात उजेड येतोय आणि मी एका खांबाला आडवा येऊ व्हय?" कागद नाही, सही नाही. खांब उभा राहिला. बटण दाबायला प्रत्यक्ष मंत्री आले, आणि त्यांच्या डोक्याला फेटा बांधला आजोबांनी. मंत्र्यांनी माइकवरून आजोबांचं नाव घेतलं. त्या एका नावावर आमचं घर कैक वर्षं खूश राहिलं. खंडेनवमीला विळे, कोयते, नांगर पुजून झाले की परसातल्या खांबालाही हळदकुंकू आणि झेंडूचा हार असायचा. वाघ अंगणात बांधायचा आणि वर त्याची पूजा करायची, असा आमचा शहाणपणा.

तेव्हा घर कौलारू होतं. पुढे कौलं जाऊन स्लॅब आला, तारा सैल पडत गेल्या, आणि दोघांमधलं अंतर कमी होत गेलं. आप्पा वीज बोर्डाच्या ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी आधी विचारलं, लाइनीखाली घर का बांधलं? आप्पांनी सांगितलं, घर आधीचं, लाइन नंतरची. साहेबांनी विचारलं, कागद? कागद कुठला? मग साहेब खुर्चीत मागे रेलले आणि आमच्या भागातल्या प्रत्येक ऑफिसात ऐकू येणारं ते वाक्य म्हणाले, "म्यालिंद हेळस्री." म्हणजे वरून सांगायला लावा. वरून शब्द आला की आम्ही लगेच हलवतो, बघा.

साहेब बदलले, तरी वाक्य तेच राहिलं. काहींनी ते कन्नडमधून सांगितलं, काहींनी आमच्या मराठीतून, एकानं चहा पाजून सांगितलं. ह्या वरच्याला गाठायचं कसं, हा इतरांना पडणारा प्रश्न आप्पांना पडला नाही. वरचा तर त्यांच्या हाताखाली येऊन बसत होता.

फेटा बांधणारा माणूस मंत्र्याच्या किती जवळ असतो, याचा विचार कुणी करत नाही. पोलीस लांब, पुढारी लांब, हार घालणारा आला नि गेला. पण फेटेवाला त्याच्या कानाशी उभा असतो, आणि तुरा काढून, शेमला पाठीवर सोडून होईपर्यंत मंत्र्याला कुठं जाता येत नाही. त्या वेळेत आप्पा सांगायचे. पहिला पीळ कपाळावर बसला की गावाचं नाव. दुसऱ्या पिळाला, "साहेब, माझ्या घरावरनं लाइन गेलीया." मग परसातला खांब, मग आजोबांनी दिलेली जागा. शेवटी तुरा काढताना, "कापड वाळवताना भ्या वाटतंय, साहेब. तेवढी लाइन बाजूला घ्या." वाक्यं ठरलेली, क्रम ठरलेला. साहेब कानडी असतील तर कानडीतून, नाहीतर मराठीतून. त्यात ते एक शब्द वाढवत नसत. आई म्हणायची, "आरतीसारखं पाठ केलंय ह्यांनी, फक्त देव पावत न्हाय."

देव का पावत नाही याचं कारणही आप्पांनी शोधून ठेवलं होतं. फेटा बांधताना मान हलवायची नसते. हलली की पीळ सुटतो, म्हणून आप्पाच आधी बजावायचे, "साहेब, मान हलवू नका." आता मान हलवायची नाही तर माणूस हो म्हणणार कसा? आप्पांना हे खरंच पटलेलं होतं. मी चिडायचे. तोंड होतं की त्यांना, म्हणायचे. आप्पा म्हणायचे, "मोठ्या माणसाचं तोंड गर्दीत उघडत न्हाय, आक्का. आणि घरी गेल्यावर ध्यानात ऱ्हात न्हाय. किती गावं, किती माणसं. माणूसच हाय, इसरतो." मी घरात थोरली, म्हणून आप्पासुद्धा मला आक्काच म्हणतात.

कुणाला ह्या खात्याचा इतिहास लिहायचा असेल तर त्यानं बेंगळूरला जाऊन फायली चाळाव्यात. माझ्याकडे आहे तो गच्चीवरून दिसलेला इतिहास. आजोबांच्या मंत्र्याला घरात सगळे 'विजेचे मंत्री' म्हणायचे. धोतर, टोपी आणि गावभर पायी फिरणं. पुढे ते पद वजनदार झालं. पेपरवाले त्याला मलईदार खातं म्हणू लागले, आणि ज्याला ते हवं तो रुसू लागला, ज्याला नको त्यालाच ते मिळू लागलं. एक जण रुसवा काढण्यापुरता मंत्री झाला. बेळगावात त्याचा सत्कार ठरला, आप्पांनी कापडाला खळ घातली, आणि ते वाळायच्या आत त्याचा राजीनामा आला. मग मधला काही काळ खुद्द मुख्यमंत्र्यांनीच खातं स्वतःकडे ठेवलं. त्या दिवसांत आमच्याकडे कुणी फिरकलंच नाही, कारण मुख्यमंत्री उपकेंद्राच्या उद्घाटनाला कशाला येतील? नंतर बोर्ड मोडून कंपन्या झाल्या. ऑफिस तेच, टेबल तेच, साहेबही तेच. फक्त आता ते म्हणाले, कंपनी आहे, मंत्र्यांचं तसं काही चालत नाही, तरीपण म्यालिंद हेळस्री. विजेचं खातं बघता बघता ऊर्जा खातं झालं. भाषणांत सूर्य आला, वारा आला. आमच्या गच्चीवर दोन्ही आधीपासून होते.

खातेबदलाची बातमी आली की आई चुलीपुढून ओरडायची, "खात्यानं नवा नवरा केला बघा!" आणि आप्पा नवं कापड आणायला खासबागेत विणकरांकडे जायचे.

त्यातला एक नवरा तर शेजारच्या घरातला निघाला. ही गोष्ट आमच्याकडे अजून जेवताना निघते आणि अजून कुणालातरी ठसका लागतो. निपाणीत एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरी लग्न होतं. मोठं जैन घर, दोन्हीकडचे पाहुणे, मांडवात कानडी-मराठीची सरमिसळ. आप्पांना फेटे बांधायला बोलावलं होतं. एवढ्यात गाड्या आल्या, गडबड उडाली, आणि कुणीतरी आप्पांच्या कानात सांगितलं, वीजमंत्री आलेत, आधी त्यांना बांधा. आप्पांनी बांधायला घेतलं आणि आपली आरती सुरू केली. मंत्री अस्सल मराठी बोलत होते. आप्पांना वाटलं, पहिल्यांदाच आपल्यातला माणूस ह्या खुर्चीवर आला. आणि त्या मंत्र्यानं ऐकलं! नुसतं ऐकलं नाही, मान हलवली. पीळ सुटला. आप्पांनी पुन्हा बांधायला घेतला, त्यानं पुन्हा मान हलवली. मग हात वर करून आपल्या सेक्रेटरीला बोलावलं आणि म्हणाले, "यांचं लिहून घ्या, महिनाभरात झालं पाहिजे." आप्पा निपाणीहून एसटीनं आले ते पेढे घेऊनच.

महिन्यानं खरंच उत्तर आलं, तेही शुद्ध मराठीत. आपलं गाव ह्या खात्याच्या कार्यक्षेत्रात येत नाही. तो मंत्री तिकडचा होता, महाराष्ट्रातला, नवरीकडून आलेला पाहुणा. आमची भाषा त्याची होती, पण आमच्या तारेतला करंट त्याचा नव्हता. अख्ख्या देशात ही चूक फक्त आमच्या भागातला माणूसच करू शकतो. आप्पा दोन दिवस हिरमुसले आणि मग म्हणाले, "काय बी म्हणा, पण त्यानं मान हलवली."

मग आला पेटा. सरकारी कार्यक्रमांत मैसुरी पेटा घालायची पद्धत पूर्वीही होती, पण आमच्या गावाकडच्या सत्कारांत फेटाच असायचा. हळूहळू इकडेही पेटा आला. तयार, शिवलेला, जरीची पट्टी लावलेला, टोपीसारखा डोक्यावर ठेवायचा. लोकांनी त्यावरून अस्मितेची भांडणं काढली, कुणाचा मान, कुणाचा अपमान, पेपरात पत्रं. आमच्या घरात प्रश्न वेगळा होता. पेटा ठेवायला लागतो एक क्षण. त्या क्षणात फार तर गावाचं नाव सांगून होतं. चिकोडीच्या एका कार्यक्रमात आप्पा कापड घेऊन स्टेजच्या पायरीवर उभे होते आणि कुणीतरी पेटा आणून मंत्र्यांच्या डोक्यावर ठेवला. टाळ्या झाल्या. आप्पा घडी घातलेलं कापड तसंच घेऊन परत आले. त्यांना मी तेवढं केविलवाणं कधी पाहिलं नव्हतं.

त्याच वर्षीच्या लग्नसराईत ते झालं. खासबागेतल्या एका लग्नाचे भगवे फेटे वाळत घालायचे होते. आई आणि आप्पा दोघं गच्चीवर होते. दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून आई तिचं टोक कठड्याच्या खिळ्याला अडकवून खाली उतरली. तेवढ्यात वारा आला. खिळ्यातून टोक सुटलं आणि कापड वर उडालं. ते तारेला लागलं की नुसतं जवळ गेलं, हे आम्हाला कुणालाच सांगता येत नाही. मोठा आवाज झाला आणि गावातले दिवे गेले. खालच्या गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "करंट गेला रं!" त्याला काय माहीत, तो कुठं गेला होता.

आप्पा वाचले. ओलसर कापडानं त्यांना सोडलं म्हणा, नाहीतर लाइन वेळेवर बंद पडली म्हणा. उजव्या हाताची दोन बोटं मात्र काढावी लागली. ज्या बोटांनी पीळ दाबून धरायचा तीच. तपासणीला माणसं आली. गच्चीवर उभं राहून त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं आणि लिहिलं की ओलं कापड तारेजवळ नेल्यामुळे अपघात झाला. यात खोटं काय आहे? काही नाही. मला त्या खरेपणाचा इतका संताप आला की मी त्यांना पाणी विचारलं नाही. आईनं विचारलं. जाताना त्यांनी तारा जरा ओढून वर घेतल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या परत खाली आल्या. त्या वर्षीपासून खांबाचा हार बंद झाला.

आप्पा अंथरुणावर पडून मंत्र्यांची बाजू घ्यायचे. "त्यांच्या ध्यानात असतं तर त्यांनी केलंच असतं की. त्यांचं काय आपल्याशी वैर हाय?" बोटं गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. बहुतेक त्यांना ते माहीत होतं.

तेव्हापासून मी बांधू लागले. आप्पा कट्ट्यावर बसून सांगायचे, मी घरातल्या मडक्यावर, मग धाकट्या भावावर, मग लोकांवर बांधत गेले. मुली फेटे घालून शोभायात्रेत निघू लागल्या तशी माझी मागणी वाढली. तयार फेटे, तयार पेटे पण ठेवते मी, कपाटभर आहेत. धंदा आहे, लोकांना वेळ नसतो.

मागच्या वर्षी सकाळी पेपर वाचता वाचता आप्पा कट्ट्यावरून ओरडले, "अगं, दोन भोवऱ्यांचा परत आला की!" दोन भोवऱ्यांचा म्हणजे पूर्वीचा एक वीजमंत्री. त्याच्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन भोवरे होते आणि त्यामुळे तिथं कापड नीट बसेना, हे आप्पांच्या लक्षात राहिलं होतं. आप्पांची बोटं जायच्या बरीच आधी तो ह्या खात्यावर होता. मग त्याला दुसरं खातं मिळालं, मग काहीच नाही, आणि आता फिरून तो ऊर्जामंत्री झाला होता. आई म्हणाली, "दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं. पण एकाच बायकोशी दोनदा, हे नवीनच."

आमच्या भागात त्याच्या हस्ते नव्या उपकेंद्राचं उद्घाटन ठरलं. संयोजक आमच्या ओळखीचे, म्हणाले, पेटा नको, तुमच्या घरचा फेटाच पाहिजे. आप्पांना मी इतकं उत्साहात कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी मला वाक्यं म्हणून दाखवायला लावली. मी म्हटलं, आप्पा, लहानपणापासून ऐकतेय मी. तरी म्हणून दाखवायला लावली. मग म्हणाले, "माझ्या बोटांचं सांगू नगंस. लाइनीचं सांग. बोटांचं सांगितलं तर त्यांना वाईट वाटंल आणि लाइनीचं इसरतील."

मी कापड घेऊन स्टेजवर गेले. मंत्र्यांनी बाई बघून जरा भुवया उंचावल्या आणि मग हसून खुर्चीत सरळ बसले. मान ताठ. कुणी न सांगता. आधी बांधून घेतलेला माणूस होता. मागे गेले तर खरंच दोन भोवरे. केस पांढरे झाले होते, पण भोवरे तिथंच. मी पहिला पीळ कपाळावर बसवला आणि कानडीतून गावाचं नाव सांगितलं.

"कंग्राळी," ते हळूच म्हणाले. मान अजिबात न हलवता. "घरावरून लाइन गेली आहे. खांब परसात. जागा तुमच्या आजोबांनी दिली होती. कापड वाळवताना भीती वाटते."

माझा हात जागीच थांबला. शब्द आप्पांचे होते. क्रमही आप्पांचाच.

"तुमचे वडील ना ते? त्यांनी सांगितलं होतं मला," ते म्हणाले. "मला सगळं आठवतं. माझी आठवण पक्की आहे, सगळे म्हणतात." आणि हे सांगताना त्यांना अभिमान वाटत होता. मला कानाशी उभं राहून तो अभिमान ऐकू येत होता. "ते आले नाहीत?"

आप्पांनी नको म्हणून सांगितलं होतं तेच मी बोलले. "त्यांची दोन बोटं गेली, साहेब. त्याच तारेनं."

"अय्यो, पाप," ते म्हणाले, म्हणजे बिचारे. खरंच वाईट वाटलं त्यांना, मी खोटं कशाला बोलू? मी पुढचा पीळ घेतला. मग म्हणाले, "म्हणजे अजून हलवलीच नाही ती लाइन?"

त्यांनी हे मला विचारलं. जणू हलवायचं काम माझ्याकडे होतं आणि मी आळस केला होता. एवढी वर्षं मी साहेबांवर चिडले, कंपनीवर चिडले, आप्पांच्या भाबडेपणावर तर रोज चिडले. पण त्या एका प्रश्नानं जे झालं त्याला चिडणं म्हणत नाहीत. मी हातातला पीळ जरा जोरात ओढला. एवढाच माझा सूड. त्यांनी हूं की चूं केलं नाही. मग मी तुरा काढला, शेमला पाठीवर सोडला, आणि टाळ्या झाल्या. फेटा उत्तम बसला होता. हाताला वाईट बांधायची सवयच नाही, त्याला मी काय करू? खाली उतरताना ते आपल्या माणसाला म्हणाले, "ह्या बाईंचं बघा." तो माणूस माझा फोटो काढून निघून गेला.

घरी आप्पा कट्ट्यावर वाट बघत होते.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"सगळं?"

"सांगायला लागलंच न्हाय, आप्पा. त्यांनीच सांगितलं मला. खांब, जागा, कापड. तुमचा शब्द न् शब्द त्यांच्या ध्यानात हाय."

मला वाटलं, आता तरी त्यांना कळेल. विसरलेल्या माणसाला माफ करता येतं. आजवर त्यांनी सगळ्यांना त्याच एका कारणानं माफ केलं होतं, आणि ते कारणच मी त्यांच्या हातातून काढून घेत होते. मला ते काढून घ्यायचंच होतं. आप्पा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"ध्यानात हाय म्हणाले?" ते म्हणाले. "अगं ए, ऐकलंस काय? साहेबांच्या ध्यानात हाय! इतक्या वर्सांनी!"

आई आतून बाहेर आली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. आप्पा संध्याकाळपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. मी मात्र त्या दिवशी धड जेवले नाही.

परवा पुन्हा निरोप आला. तेच मंत्री, गावापासून जवळच एका कारखान्याचा कार्यक्रम, फेटा तुमच्याच हातचा पाहिजे असं त्यांनी मुद्दाम सांगितलंय म्हणे. मी कपाट उघडलं आणि तयार पेटा पिशवीत घालून निरोप्याच्या हातात दिला. डोक्यावर ठेवला की झालं. त्याच्यासाठी कानाशी उभं राहावं लागत नाही.

आप्पांनी पिशवी जाताना बघितली.

"तू जाणार न्हाईस?"

"न्हाय."

"तयारच दिलास?"

"व्हय."

ते खांद्यावरच्या टॉवेलचा काठ उरलेल्या बोटांनी चुणत राहिले. मग म्हणाले, "मग लाइनीचं कोण सांगणार गं, आक्का?"

वर गच्चीवर आई ओल्या कापडाचं एक टोक धरून उभी होती, आणि वारा सुटायच्या आत दुसरं टोक धरायला ये म्हणून मला हाका मारत होती.